सत्यकथा आणि विशेषनाम : क्रीडापटूंवरील काही चरित्रपटांचा तौलनिक विचार

नाट्यवस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र असे तीन प्रकार दशरूपककार धनंजयाने दहाव्या शतकात मानले. इतिहासपुराणांतून उचललेली ती प्रख्यात, कवीने स्वतः रचलेली ती उत्पाद्य, आणि दोहोंच्या संयोगाने सिद्ध होणारी ती मिश्र. त्याच ग्रंथात पुढे एक अत्यंत व्यवहारी सूचना येते. प्रख्यात कथेत नायकाला न शोभणारे अथवा रसाला बाधक असे जे काही असेल, ते कवीने एक तर गाळावे किंवा निराळ्या रीतीने कल्पावे. सूचना धनंजयाची असली तरी रीत त्याच्याही आधीची आहे. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी मध्ये आणून राजाचा तो दोष विस्मृतीच्या पदरात टाकला. राजा निर्दोष झाला, नाटकाला करुणाची जोड मिळाली, आणि दोषाचे ओझे एका कोपिष्ट ऋषीवर गेले. दुर्वासाने त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

गेल्या दोन दशकांत भारतात क्रीडापटूंच्या जीवनावर जे चित्रपट निघाले, ते जवळजवळ सर्व या मिश्र प्रकारात मोडतात. त्यांचा विचार सामान्यतः दोन प्रश्नांच्या अनुरोधाने होतो : चित्रपट सत्याला कितपत धरून आहे, आणि तो प्रेक्षकाला कितपत स्फूर्ती देतो. या दोन प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी मांडल्याने तुलना होत नाही, केवळ गुणपत्रिका तयार होते. कारण सत्याची ओढ आणि स्फूर्तीची ओढ या परस्परविरुद्ध दिशांच्या आहेत. त्या दोहोंची गाठ ज्या ठिकाणी पडते ते ठिकाण भाषेतले आहे. कोणाचे नाव चित्रपटात तसेच ठेवले, कोणाचे बदलले आणि कोणाचे पुसले, एवढे पाहिले तरी चित्रपटाने सत्याशी कोणता करार केला आहे हे पुष्कळ अंशी उलगडते.

विशेषनाम गुणाचे वर्णन करीत नाही, ते फक्त व्यक्तीकडे बोट दाखविते, हे शालेय व्याकरणातही सांगितलेले असते. 'पहिलवान' म्हटले की गुण सांगितला जातो. 'गीता फोगाट' म्हटले की एक विशिष्ट, हयात स्त्री निर्दिष्ट होते, आणि त्यानंतर येणारे प्रत्येक दृश्य हे तिच्याविषयीचे विधान ठरते. उलटपक्षी भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, त्याशिवाय रसनिष्पत्ती नाही. हा अमुकाचा शोक, हा तमुकाचा उत्साह, ही जाणीव गळून पडावी लागते. तेव्हा क्रीडाचरित्रपट एकीकडे विशेषनामाच्या बळावर 'हे घडलेले आहे' अशी ग्वाही देतो, आणि दुसरीकडे तेच विशेषनाम प्रेक्षकाने विसरावे अशी अपेक्षा करतो.

'दंगल' (२०१६) हा या ताणाचा सर्वांत लख्ख नमुना होय. महावीरसिंह, गीता आणि बबिता ही नावे, हरियाणातील बलाली हे गाव, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील ५५ किलो गटाचे सुवर्णपदक, हे सर्व त्यात जसेच्या तसे आहे. मात्र अंतिम लढतीत गीता पिछाडीवर पडते, अखेरच्या क्षणी पाच गुणांचा डाव टाकून जिंकते, आणि या वेळी तिचे वडील प्रशिक्षकाच्या कारस्थानाने एका खोलीत कोंडलेले असतात. प्रत्यक्षात गीता यांनी ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेड यांना सहज हरविले होते आणि महावीरसिंहांना कोणीही कोंडलेले नव्हते. बदल कोठे झाला हे लक्षणीय आहे. मुलगी स्वतःच्या बुद्धीने जिंकली पाहिजे ही रसाची गरज. त्यासाठी सतत मार्गदर्शन करणारा पिता प्रेक्षागृहातून नाहीसा व्हावयास हवा. पण पित्याने आपण होऊन दूर राहणे नायकाला शोभणारे नाही. म्हणून एक दुर्वास निर्माण करावा लागला. त्याचे नाव प्रमोद कदम असे ठेवण्यात आले आणि ती भूमिका गिरीश कुलकर्णी यांनी केली. (कुस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या दोन प्रांतांपैकी एकातला नायक आणि दुसऱ्यातल्या आडनावाचा खलपुरुष, ही वाटणी मराठी प्रेक्षकाने फारशी मनावर घेतली नाही, हा त्याचा मोठेपणा की अनवधान, हे ठरविणे कठीण आहे.)

येथे एक भाषिक चूक झाली. नाव बदलले म्हणजे निर्देश तुटतो अशी निर्मात्यांची समजूत दिसते. परंतु निर्देश केवळ विशेषनामानेच होतो असे नाही. '२०१० च्या स्पर्धेच्या वेळचा भारतीय महिला कुस्तीसंघाचा प्रशिक्षक' हे वर्णन एका निश्चित व्यक्तीपर्यंत नेऊन पोचविते. वर्ष, स्पर्धा, संघ आणि खेळाडू ही सर्व खरी असल्यावर मधल्या एकाच जागी खोटे नाव घातल्याने ती जागा रिकामी होत नाही. गीता यांचे त्या वेळचे प्रशिक्षक प्यारा राम सोंधी यांनी चित्रपटातील चित्रणाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली, ती याच कारणाने. कालिदासाच्या दुर्वासाला जे करावे लागले नाही ते एका हाडामांसाच्या माणसाला वर्तमानपत्रांतून करावे लागले.

'चक दे इंडिया'ने (२००७) नेमकी उलट वाट धरली. २००२ मध्ये मँचेस्टर येथे भारतीय महिला हॉकी संघाने राष्ट्रकुल सुवर्णपदक मिळविले, हे त्याचे मूळ. पण संघातील एकही खरे नाव चित्रपटात नाही. तरीही प्रशिक्षक कबीर खान याच्या रूपात प्रेक्षकांनी गोलरक्षक मीर रंजन नेगी यांना ओळखले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारत अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७ असा हरला, त्याचा ठपका नेगी यांच्यावर आला होता, आणि पुढे विजयी महिला संघाच्या प्रशिक्षणात त्यांचा वाटा होता. ही त्यांची चरित्रकथा नव्हे असे पटकथाकार जयदीप साहनी यांनी सांगितले तरी लोकांनी ती जोडणी सोडली नाही. म्हणजे नाव पुसूनही निर्देश शिल्लक राहतो. फरक इतकाच की 'दंगल'मध्ये शिल्लक राहिलेल्या निर्देशाने एका माणसाला डाग लागला, तर 'चक दे'मध्ये एका माणसाचा जुना डाग पुसला गेला. पाश्चात्त्य चित्रपटांतही ही युक्ती जुनीच आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकवरील 'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१) या चित्रपटात हॅरल्ड अब्राहम्स आणि एरिक लिडेल ही नावे खरी आहेत. लॉर्ड बर्ग्ली यांच्यावरून घेतलेले पात्र मात्र लॉर्ड लिंडसे या कल्पित नावाने वावरते. त्याच चित्रपटात आपली प्राथमिक शर्यत रविवारी आहे हे लिडेलला जहाजावर चढताना कळते. वस्तुतः त्याला ते कित्येक महिने आधीच माहीत होते. धर्मनिष्ठेचा दीर्घ आणि शांत निर्णय पडद्यावर दिसत नाही, धक्का दिसतो.

'८३' (२०२१) या चित्रपटात नाव बदलण्याची सोयच नव्हती, कारण १९८३ च्या विश्वचषकातील प्रत्येक धावसंख्या प्रेक्षकांना पाठ आहे. तेथे नावांचा आग्रह जवळजवळ विधीच्या थराला पोचलेला दिसतो. संदीप पाटील यांची भूमिका त्यांचे पुत्र चिराग पाटील यांनी केली, आणि मोहिंदर अमरनाथ हे आपले वडील लाला अमरनाथ यांच्या भूमिकेत दिसतात. परंतु या चित्रपटाचे खरे महत्त्व टनब्रिज वेल्स येथील १८ जूनच्या सामन्यात आहे. झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी दैना झाली असता कपिलदेव यांनी नाबाद १७५ धावा केल्या, भारताने ८ बाद २६६ पर्यंत मजल मारली आणि सामना ३१ धावांनी जिंकला. या खेळीचे चलच्चित्रण उपलब्ध नाही. त्या दिवशी बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा संप होता असे सांगितले जाते. जे कोणीही पडद्यावर पाहिलेले नव्हते ते या चित्रपटाने दाखविले, आणि प्रेक्षकांत स्वतः कपिलदेव यांना बसविले. पुढील पिढीच्या डोळ्यांपुढे ही खेळी उभी राहील ती नटाने खेळलेली.

मराठीत ऐकीव गोष्ट सांगताना 'म्हणे' हा शब्द वाक्यात सहज येतो. 'तो म्हणे अनवाणी धावला' या वाक्यात वक्ता सत्यतेची जबाबदारी आपल्या अंगावरून उतरवून ठेवतो. चित्रपटाच्या भाषेत 'म्हणे' नाही. कागदोपत्री सिद्ध झालेली घटना, घरच्यांनी सांगितलेली आठवण आणि पटकथाकाराने रात्री सुचून लिहिलेला प्रसंग, तिन्ही एकाच प्रकाशात, एकाच ठामपणाने पडद्यावर येतात. आरंभीची 'आधारित' किंवा 'प्रेरित' ही पाटी म्हणजे सबंध चित्रपटाला एकदाच लावलेला 'म्हणे' होय, आणि तो पहिल्या दहा मिनिटांत विसरला जातो.

सोलापूरच्या अभ्यासकाला या संदर्भात 'झुंड' (२०२२) अधिक जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यात भूमिका करणारे आकाश ठोसर आणि रिंकू राजगुरू हेही सोलापूर जिल्ह्यातले. कथा मात्र नागपूरची. तेथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविले आणि त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. चित्रपटात या शिक्षकाचे नाव विजय बोराडे आहे. बारसेचे बोराडे झाले, विजय तसाच राहिला. एवढ्याशा फरकाने दिग्दर्शकाने स्वतःसाठी पुरेशी मोकळीक मिळविली. नायक ओळखू येतो, पण त्याच्याविषयीचे प्रत्येक दृश्य हे बारसे यांच्याविषयीचे विधान होत नाही. त्यात आणखी एक योगायोग साधला आहे. ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली, आणि 'जंजीर' (१९७३) व 'दीवार'पासून (१९७५) 'विजय' हे त्या नटाचे पडद्यावरील रूढ नाव होय. त्यामुळे एकच नाव दोन दिशांना बोट दाखविते : एका बाजूस नागपूरचा निवृत्तीकडे झुकलेला शिक्षक, दुसऱ्या बाजूस एकट्याने व्यवस्थेशी झुंजणारा पडद्यावरचा जुना विजय. 'झुंड'मधला विजय मुठी आवळत नाही, तो चेंडू आणून देतो.

मुलांच्या नावांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मुख्य मुलाची, 'डॉन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंकुश मसरामची, भूमिका करणाऱ्या नवख्या मुलाचे नावही अंकुशच, अंकुश गेडाम. चित्रपटाच्या नावातच सामान्यनामाचा प्रश्न घातलेला आहे. 'झुंड' हा शब्द मराठीत जनावरांच्या कळपाला किंवा बेभान जमावाला लावतात. 'झुंडशाही' त्यातूनच आली. शिक्षकाचा सारा खटाटोप हा की या मुलांना झुंड न म्हणता संघ म्हणावे. ज्याला विशेषनाम नाही तो झुंडीत मोजला जातो, आणि संघात शिरावयाचे तर प्रत्येकाला नाव, पाठीवर क्रमांक आणि खेळण्याची एक जागा लागते. उत्तरार्धात विदेशातील स्पर्धेसाठी पारपत्र काढण्याची वेळ येते तेव्हा हेच नाव कागदावर सिद्ध करून मागितले जाते. रिंकू राजगुरू यांनी केलेल्या आदिवासी मुलीच्या बापाला आपली मुलगी ही आपलीच आणि याच गावची आहे याचा कागद मिळविण्यासाठी दारोदार हिंडावे लागते. खेळातला कोणताही सामना या भागाइतका श्वास रोखावयास लावत नाही.

आणि सामना येतो तोही भलत्याच ठिकाणी. महाविद्यालयाचा संघ आणि वस्तीतला संघ यांची मोठी लढत चित्रपटाच्या मध्यावरच संपते. शेवट होतो तो विमानतळावर. बाकी सर्व क्रीडाचरित्रपटांत पदक हे फलप्राप्तीचे स्थान असते, येथे कुंपण ओलांडून बाहेर पडणे हे फल आहे. त्यामुळे 'दंगल'प्रमाणे अंतिम क्षणी दुर्वास निर्माण करण्याची गरजच मंजुळे यांना भासली नाही. विरोधक आहे, पण तो भिंतीच्या, तपासणीच्या आणि कागदाच्या रूपाने आहे. एखाद्या खऱ्या पदाधिकाऱ्याच्या जागी बसविलेला कल्पित माणूस नव्हे.

भाषेच्या बाबतीतही 'झुंड' वेगळा ठरतो. त्यातील मुले पुस्तकी हिंदी बोलत नाहीत. नागपूरच्या वस्तीत हिंदी आणि मराठी ज्या प्रमाणात मिसळतात त्याच प्रमाणात ती बोलतात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच पेठेत ऐकणाऱ्या सोलापूरकराला हे मिश्रण परके वाटत नाही. 'बे' हे संबोधन तर दोन्ही शहरांच्या मालकीचे. 'काय बे' म्हटल्यावर पुण्याचा माणूस दचकतो, सोलापूरचा वळून पाहतो. खऱ्या नावाने जी ग्वाही मिळते ती या चित्रपटात पुष्कळ अंशी बोलीने दिलेली आहे.

तथापि नाव बदलल्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. त्या फुटबॉल संघातील एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क आपण घेतलेले आहेत असा दावा तेलंगणातील एका चित्रपटकर्त्याने केला आणि २०२० मध्ये तेथील न्यायालयाने 'झुंड'च्या प्रदर्शनास स्थगिती दिली. चित्रपट लोकांसमोर आला तो मार्च २०२२ मध्ये. शिक्षकाची कथा कोठे संपते आणि शिष्याची कोठे सुरू होते, याचा निवाडा पटकथेत झाला नाही म्हणजे तो न्यायालयात मागितला जातो.

आता 'चंदू चॅम्पियन' (२०२४). सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे १९४४ मध्ये जन्मलेले मुरलीकांत पेटकर सैन्यात गेले, मुष्टियुद्ध खेळले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले; आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीच्या पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले पदक. '८३'चेच दिग्दर्शक कबीर खान (ज्यांचा 'चक दे'मधील कबीर खानशी नामसादृश्यापलीकडे काही संबंध नाही) यांनी येथे पेटकरांचे संपूर्ण नाव ठेवले. शीर्षकात मात्र ते घातले नाही. शीर्षकात आहे 'चंदू', म्हणजे ज्याला सगळे हसतात अशा बावळ्या पोराला चिकटणारे नाव. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते, आणि एका माणसाला आपले खरे नाव परत मिळविण्यास किती वर्षे लागतात, हीच त्या चित्रपटाची कथा.

या चित्रपटाने 'म्हणे'ची उणीव भरून काढण्याचा एक मार्ग शोधला आहे. वृद्ध पेटकर पोलीस ठाण्यात येतात आणि आपल्याला अर्जुन पुरस्कार मिळाला नाही म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवा असे म्हणतात. ठाण्यातले लोक आधी हसतात, मग ऐकू लागतात. सबंध चरित्र हे या फिर्यादीचा जबाब म्हणून येते. त्यामुळे जे दिसते ते वृत्तान्त नसून कथन आहे, सांगणारा एक आहे आणि शंका घेणारे समोर बसलेले आहेत, हे प्रेक्षकाला विसरता येत नाही. चौकटीची ही योजना फार नवी नाही, पण 'दंगल'च्या निःशंक कथनाशी ताडून पाहिल्यास तिची प्रामाणिकता ध्यानात येते. दोष येथेही आहेतच. पेटकरांच्या आयुष्यातील निरनिराळ्या खेळांना एका सूत्रात ओवण्यासाठी मुष्टियुद्धाचा शिक्षकच पुढे पोहण्याचाही गुरू होतो, आणि विनोदाचा भर काही ठिकाणी असह्य आहे.

पण फिर्याद ही अशी उक्ती आहे की ती केवळ सांगून संपत नाही. ती काही घडवू पाहते. पेटकरांना पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली होती, अर्जुन पुरस्कार राहिला होता. चित्रपट जून २०२४ मध्ये प्रदर्शित झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. चित्रपटामुळेच तो मिळाला असे कार्यकारण जोडणे धाडसाचे होईल. तरी पडद्यावर जी मागणी अपुरी राहिली ती सात महिन्यांत पडद्याबाहेर पुरी झाली, आणि आज हा चित्रपट पाहणाऱ्यास त्याची चौकट भूतकाळात जमा झालेली आढळते.

'झुंड'नंतर मंजुळे यांनी खाशाबा जाधव यांच्यावरील चित्रपटाची घोषणा केली. खाशाबांवर कोणीही चित्रपट केला तरी त्याच्यापुढे नावांचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहणार. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडनला सहावा आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन परतला; स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या कथेत नायकाच्या बाजूची नावे ठळक आहेत : प्रवासखर्चासाठी आपले घर सात हजार रुपयांना गहाण ठेवणारे राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर हे त्यांतले पहिले. विरुद्ध बाजूस मात्र नावे नाहीत, पदे आहेत. एका थकविणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता खाशाबांना सोव्हिएत संघाच्या राशीद मामादबेयोवशी लढावयास लावले, आणि नियमाकडे बोट दाखवून दाद मागावयास एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. गैरहजर माणसाला पडद्यावर कसे दाखवावयाचे? त्याला चेहरा आणि आडनाव दिले की 'दंगल'चा प्रशिक्षक तयार होतो. न दिले तर रिकामी खुर्ची दाखवावी लागते. पुढे पोलीस खात्यातली नोकरी, १९८४ मधला अपघाती मृत्यू आणि २००० सालचा मरणोत्तर अर्जुन पुरस्कार, या साऱ्यांतही विलंब आहे पण एकच एक विलंब करणारा नाही. 'झुंड'मधील भिंतीची आणि कागदाची युक्ती येथे उपयोगी पडेल असे वाटते. मात्र तेथे नायकाचे आडनाव बदललेले होते, आणि खाशाबांचे नाव बदलणे कोणालाही रुचणार नाही.

हेलसिंकीहून परतल्यावर कराडास खाशाबांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. खाशाबांच्या त्या स्वागताचे दृश्य 'चंदू चॅम्पियन'मध्ये येऊन गेले आहे. तेथे ते गर्दीत उभ्या असलेल्या लहानग्या मुरलीच्या डोळ्यांनी दिसते, आणि ऑलिंपिकचे वेड त्याच्या मनात तेथेच शिरते. खाशाबांवरील चित्रपटात हीच मिरवणूक गाडीत उभ्या असलेल्या पहिलवानाच्या बाजूने दिसेल. रस्त्याच्या कडेला उभी असलेली शाळकरी पोरे त्यातही असतील. त्यांतल्या कोणालाही तेथे नाव असणार नाही.